पितरांना डांगर, लेकींना झोका

पितरांचा दिवस म्हटलं की आपण आवाज खाली आणतो. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात हे चालायचं नाही! खान्देशात पितरांचा मोठा दिवस म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गल्लोगल्ली नुसता कल्ला.

आधी पाणी! वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा उन्हात आलेल्या पाहुण्याला द्यायचं तेच पितरांना. म्हणून पाण्यानं भरलेली मातीची घागर, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर. (बाहेरच्यांनी भोपळा समजू नये, हे खरबूज!) सोबत आंबे आणि सांजोऱ्या. वर्षाच्या आत घरातलं कुणी गेलं असेल, तर त्याच्यासाठी डेरगं, म्हणजे मातीचा घडा, पुजतात.

हजेरी उंबरठ्यावर. कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. वंशावळ कुणी लिहून ठेवलेली नसते, तरी पणज्याचं नाव नातवंडांच्या कानावर पडतं ते इथंच.

मग निखाऱ्यावर तुपाचा घास पडतो आणि ‘पित्तर’ म्हणून बोलावलेला माणूस पाटावर बसतो. खापरावरची पुरणपोळी, वाटी भरून आमरस. गेलेल्याच्या नावानं जिवंत माणसानं पोटभर जेवायचं. श्राद्धाचा याहून रुचकर प्रकार माझ्या तरी ऐकिवात नाही.

मेक्सिकोतही मृतांचा असाच सण असतो, 1 आणि 2 नोव्हेंबरला. झेंडूची आरास, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ, साखरेच्या कवट्या. युनेस्कोनं 2008 साली त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. झेंडू आपल्याकडेही ढिगानं. साखरेच्या कवट्या मात्र आपल्या आज्यांना पचल्या नसत्या.

मरण इतकं घरचं झालेलं, तरी तीर्थाची ओढ सुटत नाही. तापीकाठचं प्रकाशा म्हणजे खान्देशची दक्षिण काशी. काशी करून आलात तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इथले लोक ठासून सांगतात.

आणि आखाजीची खरी गंमत जेवणानंतर. पितर आले त्याच दिवशी सासरच्या लेकीही गौराईसाठी माहेरी आलेल्या. झाडाझाडाला झोके, झोक्यावर गाणी. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं जुनं साल याच दिवशी संपतं आणि नव्या सालाची बोली होते. पुरुष मंडळी पत्ते पिसायला बसतात, कुठं कुठं पैसे लावूनही. पितरांना निरोप देऊन जुगार! पण एरवी पत्त्यांवरून घर डोक्यावर घेणारी आजीसुद्धा त्या दिवशी काही बोलत नाही.