बापाच्या अर्जातले लेकरू

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या माणसाला आय-५८९ नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यात बायको-मुलांची माहिती विचारतात. प्रत्येक मुलाच्या नावाखाली एक प्रश्न असतो : हे मूल या अर्जात सामील करायचे आहे काय? होय किंवा नाही, चौकटीत खूण करायची. आई किंवा बाप ती खूण करतो आणि त्या क्षणापासून लेकराचे भवितव्य त्या अर्जाला बांधले जाते. लेकराला मात्र कोणी काही विचारलेले नसते.

कामधंद्यासाठी परदेशी जाणे वेगळे आणि आश्रय मागणे वेगळे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाने आजवर सही केलेली नाही, म्हणून त्यातली व्याख्या आपल्या वाचकांच्या फारशी परिचयाची नसेल. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातले स्थान किंवा राजकीय मत, यांपैकी एखाद्या कारणाने मायदेशी आपला छळ होईल अशी ज्याला सार्थ भीती आहे आणि जो त्यामुळे देशाबाहेर आहे, तो निर्वासित. ध्यानात घ्या, ही व्याख्या एका माणसाची आहे. कुटुंबाची नाही!

व्यवहारात मात्र कुटुंबप्रमुखाची भीती हीच साऱ्या घराची भीती धरली जाते. बाकीचे सगळे 'अवलंबित'. याचा फायदा नाही असे नाही. बापाला आश्रय मिळाला की सोबतच्या मुलांनाही मिळतो, त्यांना वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, घर तुटत नाही. अमेरिकेत ही सवलत २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना आहे. पूर्वी अर्ज कचेरीत पडून असताना मूल २१ वर्षांचे झाले की ते यादीतून गळायचे. दिरंगाई सरकारची आणि शिक्षा पोराला! २००२ साली कायदा बदलला आणि पालकाने अर्ज केला त्या दिवशीचे मुलाचे वय धरले जाऊ लागले. मधल्या काळात त्याने लग्न केले तर मात्र ते आजही गळते.

पण बापाचा अर्ज फेटाळला गेला तर? त्याच्याबरोबर लेकरूही बाहेर. त्या लेकराला स्वतःची काही भीती होती काय, हा प्रश्न बहुतेक वेळा अर्जातच कुठे नसतो. आणि अशी भीती असू शकते. मुलीची सुंता, कोवळ्या वयात लावले जाणारे लग्न, हातात बंदूक देऊन टोळीत ओढली जाणारी पोरे, ही संकटे बापावर येत नाहीत. ती लेकरावरच येतात. कधी कधी तर छळ करणारा खुद्द बापच असतो. तोच मुख्य अर्जदार, मुलाखत त्याची, कागद त्याच्या नावाचे. बायको मार खाते, मुले पाहतात, पण तक्रार केली तर डोक्यावरचे कायद्याचे छत्र जाईल या धास्तीने तोंड उघडत नाहीत. शेजारी बाप बसला असताना आठ वर्षांची पोर अधिकाऱ्याला काय सांगणार? आणि आपल्यावर झालेला अत्याचार आई तरी मुलांदेखत कसा सांगणार?

आपल्यासंबंधीच्या निर्णयात मुलाचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क १९८९ च्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात आहे. निर्वासित मुलांसाठी २२ वे कलम स्वतंत्र आहे. जगाला मानवी हक्कांचे धडे देणाऱ्या अमेरिकेने या करारावर १९९५ साली सही केली, त्याला अंतिम मान्यता मात्र आजतागायत दिलेली नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका आठ वर्षांच्या मुलीमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० साली तिची आई तिला दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडला घेऊन आली. आपण समलिंगी आहोत म्हणून घरचेच आपला छळ करतील, असे सांगून आईने आश्रय मागितला आणि मुलीचे नाव अवलंबित म्हणून घातले. बापाची संमती नव्हती. पळवून नेलेल्या मुलांविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा आधार घेऊन त्याने मुलगी परत मागितली. बापाचे दुःखही खोटे नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. १९ मार्च २०२१ रोजी निकाल लागला. अवलंबित म्हणून नाव असलेल्या मुलाने वेगळा अर्ज केला नसला, तरी मजकुरावरून ते स्वतःही संरक्षण मागत आहे असे समजता येत असेल, तर त्यालाही अर्जदार धरावे, असे न्यायालयाने म्हटले. परत पाठवण्याचा हुकूम देता येईल, पण आश्रयाचा निर्णय होईपर्यंत त्याची अंमलबजावणी करता येणार नाही. तोवर बापाने लेकरावाचून किती दिवस काढायचे, ही अडचण न्यायालयालाही दिसत होती.

अमेरिकेतल्या एका सेनेगली बापाचे प्रकरण याच्या उलटे आहे. त्याच्या मुली अमेरिकेच्या नागरिक. आपल्याला परत पाठवले आणि मुली बरोबर आल्या, तर तिथे त्यांची सुंता केली जाईल, या भीतीने त्याने आश्रय मागितला. २००७ साली तिथल्या अपील मंडळाने तो नाकारला. छळाची भीती मुलींची आहे, केवळ तेवढ्यावर बापाला आश्रय मिळणार नाही, असे मंडळाने सांगितले. मुली नागरिक असल्याने त्यांना अमेरिकेकडे आश्रय मागण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्यांना भय त्यांना अर्ज नाही आणि ज्याचा अर्ज त्याचे भय धरायचे नाही!

दोनच वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने मुलांच्या अर्जांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पालकामुळे मुलाला दर्जा मिळतो तसा मुलामुळे पालकालाही मिळू शकतो, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेच्या आय-५८९ मध्ये बायको-मुलांसाठी रकाने आहेत. अर्जदार मूल असेल, तर आईबापाला सामील करून घेण्याची सोय त्यात आजही नाही.