अंगावरचे दूध : आईला साथ द्या



“दूध पुरत नाही,” असे म्हणून पुष्कळ घरी बाळाला साखरपाणी नाहीतर बाटली देतात. पण बाळ जितके ओढते, तितकेच दूध नव्याने येते. वरचे दिले की बाळ कमी ओढते आणि दूध आटते.

जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी घ्या. पहिला चीक टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको.

मजुरीवर जगणाऱ्या बाईला हे एकटीने कसे जमणार? म्हणून आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळ कसे धरायचे, बोंडाला चीर पडली तर काय करायचे, सारे विचारा. लाजू नका. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावच्याच बायकांना शिकवून अशा भेटी सुरू केल्या. तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

पहिल्या बाळाला, अटी पूर्ण झाल्यास, मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीला तेवढाच हातभार. नाव अंगणवाडीत नोंदवा.

दादा, पाणी-जळण तुम्ही आणा. सासूबाई, सुनेला पोटभर वाढा.

आणि पाळणा? बाळ सहा महिन्यांच्या आत, रात्रंदिवस फक्त अंगावर, पाळी आलेली नाही. तिन्ही गोष्टी असतील तरच दिवस राहण्याची भीती फार कमी. एक जरी चुकली, तरी लगेच आरोग्य केंद्रात विचारून साधन घ्या.