चर्चमधला ऑर्केस्ट्रा आणि शेजाऱ्याचं तळघर

मागच्या एपिसोडमध्ये मधेच घर्रर्र ऐकू आलं ना? सॉरी, वरच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडत होते. मी कपाटातल्या कपड्यांत तोंड खुपसून रेकॉर्ड करतो, तरी ड्रिल आलंच. त्यावरूनच आजचा विषय सुचला.

लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये 1880च्या दशकातलं एक चर्च आहे. आर्किटेक्ट आल्फ्रेड वॉटरहाउस. तिथलं नॅचरल हिस्टरी म्युझियमही त्याचंच. चर्च म्हटलं की लांबट हॉल डोळ्यांसमोर येतो. हे मात्र षटकोनी आहे, वर गॅलऱ्या. हे काँग्रिगेशनल पंथाचं चर्च, आणि त्यांच्यात प्रवचनाला मोठं महत्त्व. बोलणारा सगळ्यांना दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. लोक जवळ, छत उंच.

बीटल्सचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांच्या ‘एअर स्टुडिओज’ला नेमकी अशी जागा हवी होती. 1992मध्ये इथे स्टुडिओ सुरू झाला. ‘ग्लॅडिएटर’चं संगीत याच हॉलमध्ये रेकॉर्ड झालंय.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. उंच छताखाली आवाज बराच वेळ रेंगाळतो. व्हायोलिनला ते शोभतं, पण भरभर वाजणाऱ्या ड्रम्सचा पार लगदा होतो. म्हणून हॉलच्या मधोमध एक भलीमोठी कॅनपी टांगली आहे, वरखाली करता येणारी. हिशोब करून बघा: आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कॅनपी वादकाच्या 5 मीटर वर असेल तर आवाज आपटून 29 मिलिसेकंदांत परत येतो, 10 मीटरवर असेल तर 58. शिवाय ती खाली आणली की वरच्या पोकळीत कमी आवाज जातो, घुमणंही घटतं. म्हणजे हॉलला चक्क सेटिंग्ज आहेत! भिंतींना हात न लावता.

पण एका गोष्टीला सेटिंग नाही. शेजारच्या घराने तळघर खोदून त्यात स्विमिंग पूल करायचं ठरवलं. खोदकामाची थरथर जमिनीतून थेट भिंतीत शिरते. तिथे फोम, पडदे, माझे कपडे, काहीच कामाचं नाही. आणि शंभर वादक बसलेले असताना टेक थांबला तर मीटर चालूच. स्टुडिओने जोरदार विरोध केला, संगीत क्षेत्रातली मोठमोठी माणसं पाठीशी उभी राहिली, आणि 2017मध्ये तो अर्ज मागे घेतला गेला.

आमच्या वरच्यांचं काम अजून दोन आठवडे आहे. त्यामुळे पुढचा एपिसोड रात्री अकरानंतर रेकॉर्ड होणार, आवाज झोपाळू वाटला तर समजून घ्या.