परसातील कललेली फळझाडे

वऱ्हाडात घराच्या परसात संत्रा, लिंबू, पेरू वा सीताफळ यांपैकी एखादे तरी झाड असतेच. मृगाच्या तोंडावरील वादळात आणि पुढे झडीच्या दिवसांत ही झाडे कलतात. असे झाड दिसताच चार माणसे जमवून दोराने ओढून ते उभे करण्याची रीत आहे. वाऱ्यातून वाचलेली कित्येक झाडे या ओढण्याने दगावतात. संत्र्याचे कलम फळावर येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे हे नुकसान किती मोठे ते कळेल.

अमरावती व अकोला भागातील काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडताना बारीक मुळ्या तुटतात व पावसात भिजलेली माती उरलेल्या मुळांना धरून ठेवत नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात निचराच मंद, त्यामुळे मुळे उथळ राहतात. परसात आणखी एक कारण असते. मोरीचे सांडपाणी झाडाच्या एकाच अंगाला सोडलेले असते, मुळे तिकडेच गोळा होतात आणि दुसरी बाजू पोकळ राहते.

कललेले प्रत्येक झाड सरळ करावयाचे नसते. बुंध्याभोवतीची माती उचललेली किंवा तडकलेली असेल तरच मुळे हलली आहेत असे समजावे. भिंतीलगतचे झाड उजेडाकडे झुकते. त्याची मुळे पक्की असतात, त्यास हात लावू नये.

दोन-तीन वर्षांच्या आतील झाड सरळ करता येते. उघडी पडलेली मुळे प्रथम ओल्या गोणपाटाने झाकावीत. चिखलात झाड उभे करू नये आणि माती वाळून कठीण होईपर्यंत थांबूही नये. वाफसा येताच काम करावे. झाड पूर्वेकडे कलले असेल तर पश्चिमेकडील मुळे वर उचललेली असतात व त्यांखाली माती घसरलेली असते. ती माती हाताने काढून मुळांना पुन्हा बसावयास जागा करावी. मग झाड पूर्वेकडून हळूहळू रेटावे. मुळांचा कडकडाट ऐकू आला की तेथेच थांबावे. थोडा कल राहिला तरी बिघडत नाही. माती भरून पायाने बेताने दाबावी आणि शेंड्याचा सुमारे तिसरा हिस्सा छाटावा, म्हणजे वाऱ्याचा जोर व मुळांवरील भार दोन्ही कमी होतात.

आधाराचा बांबू पश्चिमेस, पावसाळी वाऱ्याच्या बाजूला, खोडापासून वीतभर अंतरावर दोन फूट खोल ठोकावा. वाळवी लागू नये म्हणून त्याचे खालचे टोक डांबरात बुडवावे. तार वापरू नये, ती साल कापते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे सैल गुंफावी व झाड तोलून धरील इतक्याच उंचीवर बांधावी. खोड थोडे डुलले पाहिजे, कारण डुलण्यानेच ते जाड होते. करकचून बांधलेले झाड आधार काढताच पुन्हा पडते. दर दोन महिन्यांनी गाठ सैल करावी व वर्षभरात बांबू काढून टाकावा.

मोठे झाड ओढूच नये. ते आहे त्या स्थितीत बेचक्याचा टेकू देऊन ठेवावे व उघड्या मुळांवर माती चढवावी. मात्र कलमाचा डोळा मातीखाली जाता कामा नये, अन्यथा डिंक्या रोगाला वाट मिळते. पाणीही खोडाला न लागता बाहेरच्या आळ्यातून द्यावे. पपईचे खोड पोकळ असल्याने तिला फक्त टेकू द्यावा.

वरुड-मोर्शीकडील बागांत आंबिया बहाराची फळे पोसू लागली की फांद्यांखाली बांबू लावतात. परसातही तसेच करावे. यासाठी भरीव मानवेल उत्तम. मेळघाटातील हा बांबू शाळेच्या वा पंचायतीच्या पडीक जागेतही लावता येतो. वनक्षेत्राबाहेरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे, ही गोष्ट अजून पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.