क्वांटम जगात ‘अनडू’ का चालत नाही?

उदाहरण म्हणून मी आपल्या जुन्नरजवळचं खोडद घेतो. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. अंतराळातल्या हायड्रोजन अणूंनी सोडलेल्या 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी त्या टिपतात.

लहर मोकळी फिरतेय तोवर क्वांटमचे नियम सुलटेही चालतात, उलटेही. पण रिसीव्हरने ती पकडून, वाढवून नोंदवली, की वीज खर्च होते, उष्णता पसरते, थोडा गोंगाटही मिसळतो. ती विखुरलेली उष्णता गोळा करून मूळ लहर परत बनवता येत नाही.

फोनचंही तसंच. रोल्फ लांडाउअर यांनी 1961 मध्ये दाखवलं, की एक बिट पुसायलाही किमान उष्णता सोडावीच लागते. नोंद फुकट नाही, पुसणंही नाही!

म्हणून डिशजवळ गेलात तर फोन बंद ठेवा. एकदा मिसळलेला गोंगाट पूर्ण वेगळा होत नाही.