विटांनी चकवलेलं शहर

‘मोहेंजोदारोचं टेकाड तर उघड्यावरच होतं, मग १९२०पर्यंत ते कुणाला ओळखू कसं आलं नाही?’ एका वाचकाचा हा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर एका विटेत दडलंय, आणि त्याचा धागा थेट पुण्यात येतो.

मोहेंजोदारो सिंधमध्ये; सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाची कचेरी पुण्यात. तिथले देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे प्राच्यविद्यापंडित सर रामकृष्णपंतांचे चिरंजीव, १९११-१२च्या हंगामात मोहेंजोदारोला जाऊन आले. शिलालेख आणि नाण्यांचा गाढा अभ्यास असलेला माणूस. त्यांनी निर्वाळा दिला, की हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं. विटा आजच्यासारख्या आहेत आणि कोरीव मातीकाम कुठेच दिसत नाही.

भांडारकरांना नावं ठेवण्याआधी ती वीट डोळ्यांसमोर आणा. साधारण ७ सेंटिमीटर जाड, १४ रुंद, २८ लांब. मौर्य काळातल्या विटा याहून बऱ्याच थोराड, तेव्हा जुनी वीट मोठी असणार हा आडाखा स्वाभाविकच होता. पण मापातली गंमत बघा! एकास दोनास चार. दोन विटा शेजारी आडव्या टाकल्या, की त्यांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीइतकी भरते. एक थर आडवा, एक उभा लावत गेलं की सांध्यावर सांधा येत नाही आणि भिंत चिरत नाही. आजचा गवंडीही हेच करतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी हे गणित पक्कं झालं होतं, आणि सहाशे किलोमीटरवरच्या हडप्प्यातही तेच! तिथल्या विटा इतक्या खणखणीत भाजलेल्या, की रेल्वेच्या कंत्राटदारांनी त्या उपसून लाहोर-मुलतान मार्गाच्या रुळांखाली खडीसारख्या पसरल्या. ते वाचताना आजही जीव हळहळतो.

१९१७मध्ये पुण्याच्या कचेरीत भांडारकरांच्या जागी राखालदास बॅनर्जी आले. माझ्या मते या कथेचा खरा नायक हाच. टेकाडावर त्यांना चकमकीच्या दगडाचं हत्यार सापडलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या गावात दगडी हत्यार कशाला असेल? १९२२च्या हिवाळ्यात त्यांनी तिथल्या बौद्ध स्तूपाभोवती खणायला घेतलं. खालच्या थरांतून कुणालाही वाचता न येणाऱ्या लिपीतल्या मुद्रा वर आल्या. तशीच एक मुद्रा पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख कनिंगहॅम यांनी १८७५मध्ये हडप्प्याहून प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यावरचा बैल बिनवशिंडाचा म्हणून ती परदेशी ठरवली होती.

पुढे हडप्पा आणि मोहेंजोदारो या दोन्हीकडच्या वस्तू शेजारी ठेवून खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये शोध जाहीर केला. आठवड्याभरातच सेस या अभ्यासकाचं पत्र आलं: अशाच मुद्रा इराणमधल्या सुसा इथे मिळाल्या आहेत. भारताचा इतिहास एका झटक्यात दोन हजारांहून अधिक वर्षं मागे गेला.

त्यानंतर पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित मोहेंजोदारोला खणायला गेले. नकाशावरचा ‘डीके’ भाग त्यांच्याच नावाचा. मार्शल यांचे तीन जाडजूड खंड १९३१मध्ये निघाले. बॅनर्जी त्याआधीच, १९३०मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी गेले होते. मोहेंजोदारोवरचा त्यांचा स्वतःचा अहवाल छापून आला १९८४मध्ये.