सातबारा, आठ-अ आणि जोडतक्ता

डेटा मॉडेलिंग, म्हणजे संगणकात साठवायच्या माहितीचे तक्ते आखण्याचे शास्त्र, शिकणाऱ्याची खरी कसोटी दोन तक्त्यांमधील नाते मांडताना लागते. गाव आणि गट, म्हणजे क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा, यांचे नाते सरळ आहे: एका गावात अनेक गट असतात, परंतु एक गट एकाच गावात मोडतो, त्यामुळे गटांच्या तक्त्यात गावाच्या क्रमांकाचा एक रकाना ठेवला की काम भागते. गट आणि भोगवटादार, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे तो, यांचे नाते मात्र असे एका बाजूने बांधता येत नाही, कारण एका गटावर भाऊबंदांची अनेक नावे असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे नाव गावातल्या इतर गटांवरही असू शकते. या दुहेरी नात्याला अनेक-ते-अनेक संबंध म्हणतात.

हा संबंध दोनच तक्त्यांत बसवण्याचे जे मार्ग प्रथम सुचतात ते सगळे पुढे नडतात. गटाच्या ओळीत सर्व नावे स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात कोंबली, तर एका व्यक्तीच्या जमिनी शोधण्यासाठी प्रत्येक ओळीतील मजकूर चाळावा लागतो; तीन नावांसाठी तीन रकाने आखले, तर वारसनोंद होऊन चौथे नाव येताच तक्त्याची रचनाच बदलावी लागते; आणि प्रत्येक नावासाठी गटाची ओळ पुन्हा लिहिली, तर १ हेक्टर २० आर क्षेत्राचा गट बेरजेत तीनदा धरला जाऊन ३ हेक्टर ६० आर होतो.

यावर सर्वमान्य उपाय तिसऱ्या तक्त्याचा आहे. त्याला जंक्शन टेबल किंवा जोडतक्ता म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ओळीत एक गट क्रमांक व एक भोगवटादार क्रमांक एवढीच जोडी मुळात असते. हे दोन्ही क्रमांक मूळ तक्त्यांतील ओळींकडे बोट दाखवतात, म्हणून त्यांना फॉरेन की हे नाव आहे. समजा, वरील गटावर तिघा भावांची नावे प्रत्येकी ४० आर क्षेत्रासह आहेत. मग जोडतक्त्यात तीन ओळी होतात. हे ४० आर कोठे लिहायचे, हा प्रश्न विचारला की जोडतक्त्याचे महत्त्व स्पष्ट होते, कारण तो आकडा केवळ गटाचा नाही आणि केवळ भावाचाही नाही. तो त्या दोघांच्या जोडीचा आहे. हक्क ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, आला त्याचा क्रमांकही तसाच जोडीचा असतो, आणि सातबाऱ्यावर तो नावाशेजारीच नोंदलेला आढळतो.

एक भाऊ मरण पावून त्याची दोन मुले वारस लागली, तर गटाच्या तक्त्याला हात न लावता जोडतक्त्यात २० आरच्या दोन ओळी वाढतात. जुनी ओळ मात्र पुसू नये. हस्तलिखित सातबाऱ्यावर तलाठी जुन्या नावाला कंस करत असे, म्हणजे नाव वाचता येई पण हक्क संपल्याचे कळे. संगणकात तेच काम ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांचे दोन रकाने करतात. एकच जोडी दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून दोन्ही क्रमांक मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, ठरवण्याची रीत आहे; तथापि एकाच व्यक्तीने एकाच गटात दोन वेळा हिस्सा खरेदी केला असेल आणि दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवायच्या असतील, तर त्या ओळखीत फेरफार क्रमांकही घ्यावा लागतो.

महसुली दप्तरात या एकाच नात्याची दोन रूपे दिसतात. सातबाऱ्यातील गाव नमुना सात गटाच्या बाजूने पाहतो आणि त्यावरची नावे सांगतो. गाव नमुना आठ-अ खातेदाराच्या, म्हणजे भोगवटादाराच्या, बाजूने पाहतो आणि त्या गावातील त्याच्या जमिनी सांगतो (सामाईक खात्यांचा तपशील येथे बाजूला ठेवला आहे). कागदावर ही वस्तुस्थिती दोन ठिकाणी लिहावी लागत असल्याने एक नोंद बदलून दुसरी राहून गेली, तर दोन उतारे एकमेकांशी जुळत नाहीत. जोडतक्त्यात ती एकदाच लिहिली जाते आणि दोन्ही उतारे त्यातूनच काढता येतात.

नात्याकडे कोणत्या बाजूने पाहायचे हा प्रश्न संगणकाच्या इतिहासातही आला. १९६० च्या दशकातील आयएमएस या आयबीएमच्या प्रणालीत माहितीची रचना झाडासारखी होती, आणि अशा रचनेत मुळाशी कोणाला ठेवायचे हे आधीच ठरवावे लागे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानाने सर्व माहिती समान दर्जाच्या तक्त्यांत ठेवून ही सक्ती दूर केली, तर पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या आराखड्यात नात्याला समभुज चौकोनाची स्वतंत्र आकृती आणि स्वतःचे गुणधर्म मिळाले.

जोडतक्त्याचे नाव मात्र अनेकदा ‘गट_भोगवटादार’ असे दोन नावे चिकटवून ठेवले जाते. त्याऐवजी त्या व्यवहारातील लोक या नात्याला काय म्हणतात ते पाहावे: विद्यार्थी आणि अभ्यासक्रम यांच्यामध्ये ‘प्रवेश’ असतो, कर्मचारी आणि प्रकल्प यांच्यामध्ये ‘नेमणूक’, आणि गट व भोगवटादार यांच्यामध्ये ‘हिस्सा’. ज्या नात्यावरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभी राहते, त्याला संगणकात स्वतःचा तक्ता मिळणे रास्तच आहे.